असल उत्तर : दुबळ्या रणगाड्यांची लढाई

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा चौदा वर्षांचा भाचा आमच्या घरीं मुक्कामास होता. सकाळचा फराळ आटोपला कीं स्वारी संगणकापुढें बसे आणि देशोदेशींच्या न पाहिलेल्या सवंगड्यांबरोबर रणगाड्यांची लढाई खेळूं लागे. एके दिवशीं त्यानें चिडून कानांवरचें यंत्र काढून ठेवलें व तो मला म्हणाला, "मामा, हा खेळच अन्यायाचा आहे. माझा रणगाडा आठव्या दर्जाचा आणि समोर आणून उभे करतात ते दहाव्या दर्जाचे. मी गोळा मारतों तो त्यांच्या कपाळावरून घसरून जातो. त्यांचा एक गोळा लागला कीं मी संपलों. पैसे भरून मोठी गाडी घेतल्याशिवाय इथं कोणी जिंकत नाहीं."

पैसे भरण्याचा प्रश्न मीं त्याच्या आईकडे सोपविला. परंतु तक्रारीचा उरलेला भाग माझ्या मनांत घोळत राहिला. कारण हीच तक्रार त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीं खऱ्या रणांगणावर खऱ्या माणसांनीं केलेली आहे. आपल्याकडे 'शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ' अशी म्हण आहे. ती ऐकावयास गोड लागते. परंतु समोरून पंचेचाळीस टनांचें पोलाद चाल करून येत असतां ती युक्ति नेमकी कोणती, ती साधते केव्हां, आणि तिची किंमत कोण देतो, हें ती म्हण सांगत नाहीं. तें इतिहासाला विचारावें लागतें. आज मी तेंच करणार आहें.

प्रथम बलाढ्य रणगाडा म्हणजे काय, हें पाहूं. रणगाड्याचें सामर्थ्य तोफ, चिलखत आणि चाल या तीन गोष्टींत असतें, आणि या तिहींनाही वजनाची मर्यादा आहे. चिलखत सगळीकडून सारखेंच जाड केलें तर गाडी जागची हलणार नाहीं. म्हणून रचनाकार जाड पोलाद समोर घालतात, बाजूंना त्याहून पातळ ठेवतात, आणि पाठीमागें व माथ्यावर आणखी काटकसर करतात. शिवाय समोरचा पत्रा ते तिरपा बसवितात. ८० मिलिमीटर जाडीचा पत्रा उभ्या रेषेपासून ५५ अंश कलविला, तर सरळ येणाऱ्या गोळ्याला सुमारें १४० मिलिमीटर पोलाद फोडावें लागतें. पुष्कळदां तो आंत न शिरतां वरच्यावर घसरून जातो. माझ्या भाच्याच्या तक्रारीचें मूळ हें असें भूमितींत आहे. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मनांच्या 'पँथर' रणगाड्याचें कपाळ नेमकें याच मापाचें होतें. पण त्याच पँथरच्या बाजूचें पोलाद अवघें ४० ते ५० मिलिमीटर होतें. समोरून जो अभेद्य, तोच बाजूनें भेद्य होता.

दुसरी एक उणीव डोळ्यांची. झांकण लावून आंत बसलेल्या माणसांना बाहेरचें जग चिंचोळ्या कांचांतून तुकड्यातुकड्यांनीं दिसतें. गाडी जितकी बंदिस्त, तितकी ती आंधळी. तेव्हां बलाढ्य शत्रूशीं झुंजावयाचें तें त्याच्या कपाळाशीं नव्हे, तर त्याच्या बाजूशीं, त्याच्या दृष्टीशीं व त्याच्या पायांखालच्या जमिनीशीं, हें तत्त्व कागदावर सोपें आहे. तें प्रत्यक्षांत कसें उतरलें याचीं दोन परदेशीं उदाहरणें प्रथम सांगतों, म्हणजे आपल्या घरच्या लढाईचा अर्थ नीट उमगेल.

मे १९४० मध्यें जर्मन सैन्य फ्रान्सवर चालून गेलें, तेव्हां अधिक बळकट रणगाडे जर्मनांपाशीं होते असा समज अजूनही आढळतो. वस्तुस्थिति तशी नव्हती. फ्रेंचांच्या 'शार बी वन बिस' या अवजड गाडीचें चिलखत ६० मिलिमीटरचें होतें. उलट जर्मनांच्या पुष्कळ गाड्या लहान असून पहिल्या नमुन्याच्या गाडीवर तर केवळ मशिनगना होत्या. १६ मे रोजीं स्टोन नांवाच्या खेड्यांत पिएर बियोत या फ्रेंच अधिकाऱ्याच्या एकट्या शार गाडीनें तेरा जर्मन रणगाडे निकामी केले. तिच्यावर अनेक गोळे आदळले. परंतु एकही आंत शिरला नाहीं. तरीसुद्धां सहा आठवड्यांत फ्रान्सनें तहावर सही केली.

याचें एक कारण त्या गाडीच्या माथ्यावरील फिरत्या बुरुजांतच होतें. फ्रेंच बुरुजांत एकच माणूस बसे. तोच नायक, तोच नेमबाज आणि तोफ भरणाराही तोच. शत्रु कोठें आहे हें पाहावें, कीं गोळा भरावा, कीं सोबत्यांना हुकूम द्यावा? जर्मनांच्या मोठ्या गाड्यांतून हीं कामें तिघांत वांटलेलीं होतीं, आणि त्यांच्या गाड्या बिनतारी यंत्रानें एकमेकींशीं बोलत. पुष्कळ फ्रेंच गाड्यांत तें यंत्रच नव्हतें. शिवाय शार गाडीची इंधनाची भूक मोठी. १५ मे रोजीं बेल्जममधील फ्लाव्हियों येथें अशा गाड्यांची एक संपूर्ण डिव्हिजन इंधन भरीत असतांनाच जर्मनांनीं गांठली. ज्या गाडीला समोरासमोर कोणी हरवूं शकत नव्हतें, तिला समोरासमोर गांठण्याची गरजच जर्मनांना पडली नाहीं.

दुसरें उदाहरण चार वर्षांनंतरचें, आणि त्यांत पारडें फिरलेलें. सप्टेंबर १९४४ मध्यें फ्रान्सच्या लॉरेन प्रांतांत आराकूर गांवाच्या परिसरांत अमेरिकेच्या चौथ्या आर्मर्ड डिव्हिजनवर जर्मनांनीं नव्याकोऱ्या पँथरांनिशीं हल्ला चढविला. अमेरिकनांचा मुख्य रणगाडा शर्मन. त्याचा गोळा पँथरच्या कपाळावर बहुधा निरुपयोगी ठरे, आणि पँथरचा गोळा मात्र शर्मनला दुरूनच फोडी. परंतु १९ सप्टेंबरच्या सकाळीं दाट धुकें पडलें होतें. लांबचें दिसेना, तेव्हां लांब पल्ल्याच्या तोफेचा लाभ नाहींसा झाला. जर्मन पथकें घाईनें उभारलेलीं होतीं; गाड्या नव्या, तशीच माणसेंही नवीं, आणि पुढें टेहळणी अपुरी. अमेरिकन माणसें मात्र नॉर्मंडीपासून एकत्र लढत आलेलीं होतीं व तेथील चढउतारांशीं तीं परिचित झालीं होतीं. टेकाडांच्या आडून त्यांनीं पँथरांना जवळ येऊं दिलें, बाजूंवर गोळे टाकले, आणि शत्रूची तोफ वळण्यापूर्वीं जागा बदलली. शर्मनचा बुरूज यंत्राच्या जोरावर झपाट्यानें फिरे. जवळच्या झुंजींत पहिला गोळा त्यामुळें त्याचा पडे. कित्येक दिवस चाललेल्या त्या लढाईंत जर्मनांचा हल्ला पार मोडला.

आतां आपल्या घरच्या लढाईकडे वळूं. सप्टेंबर १९६५. भारत व पाकिस्तान यांच्यांतील युद्ध पंजाबांत पसरलें होतें. ६ सप्टेंबर रोजीं आपल्या सैन्यानें लाहोरच्या दिशेनें चाल केली, आणि त्या आघाडीच्या दक्षिण टोकाला, खेमकरण भागांत, मेजर जनरल गुरबक्षसिंग यांची चौथी माउंटन डिव्हिजन इच्छोगिल कालव्याकडे निघाली. ही चाल फसली. कांहीं पलटणी विस्कळित झाल्या, आणि ७ तारखेस डिव्हिजनला मागें यावें लागलें. त्याच सुमारास समोर पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन पुढें सरकत असल्याचें स्पष्ट होऊं लागलें. तिच्यापाशीं अमेरिकेनें दिलेले पॅटन रणगाडे होते. पॅटन हा त्या काळीं उपखंडांतील अत्याधुनिक रणगाडा मानला जाई: पंचेचाळीस टनांच्या घरांतलें वजन, ९० मिलिमीटरची तोफ, सुमारें १०० मिलिमीटर जाडीचें व तिरपें बसविलेलें कपाळ. बियास नदीवरील पूल गांठावा, ग्रँड ट्रंक रस्ता तोडावा, आणि अमृतसरला पाठीमागून विळखा घालावा, असा पाकिस्तानी सेनापतींचा बेत होता. तो साधता तर पंजाबचा इतिहास आज निराळा लिहावा लागला असता.

आपल्या बाजूस काय होतें? डिव्हिजनबरोबर डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट, तिच्यापाशीं शर्मन. तोच शर्मन, ज्याची कथा मीं आतांच सांगितली. वीस वर्षांनीं अधिक म्हातारा झालेला, ७६ मिलिमीटरची तोफ घेतलेला. ब्रिगेडियर थिओगराज यांच्या दुसऱ्या आर्मर्ड ब्रिगेडमध्यें एका रेजिमेंटपाशीं एएमएक्स-१३ नांवाच्या फ्रेंच गाड्या. वजन पंधरा टनांच्या आंतबाहेर, चिलखत नांवापुरतें. केवळ तिसरी कॅव्हलरी तेवढी ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्यांवर होती, आणि ते पॅटनच्या तोडीचे होते. संख्येचें पारडें मात्र आपल्या बाजूस नव्हतें. पश्चिम विभागाचे सेनापति लेफ्टनंट जनरल हरबक्षसिंग यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे कीं, बियासच्या मागें हटण्याची सूचना त्यांना वरून आली होती व ती त्यांनीं मानली नाहीं. त्या सूचनेचें नेमकें स्वरूप काय होतें याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु घडी बिकट होती याबद्दल कोणाचेंही दुमत नाहीं.

गुरबक्षसिंग यांनीं डिव्हिजनला मागें घेतलें तें कोठेंही नव्हे. खेमकरणहून भिखिविंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर असल उत्तर नांवाचें खेडें आहे. कालवे व नाले यांच्या मधल्या या टापूंत उंच ऊस उभा होता. रात्रींतून पायदळानें खंदक खणले, रस्त्यांवर सुरुंग पेरले, आणि रणगाडे घोड्याच्या नालासारख्या मांडणींत दडविले. मध्यें पायदळ, बाजूंना व पाठीमागें उसांत लपलेल्या तोफा. शत्रूला त्या नालाच्या पोटांत शिरूं द्यावयाचें, आणि तो शिरला कीं त्याची बाजू आपोआप आपल्या तोफांकडे येते. ज्या बाजूसाठीं आराकूरला अमेरिकनांना धांवावें लागलें, ती बाजू शत्रूनें स्वतःच आणून दाखवावी, अशी ही योजना होती.

आणि मग पाणी. कालव्यांचें पाणी शेतांत सोडण्यांत आलें. सप्टेंबर महिन्याची मऊ जमीन आणखी भिजली. पंचेचाळीस टनांच्या गाडीला समोरून चिखल दिसत नाहीं; तो पट्ट्यांखालीं आल्यावरच कळतो. पॅटनचा वेग हें त्याचें एक बळ होतें. तें पाण्यानें हिरावून घेतलें. चांगल्या जमिनीच्या शोधांत गाड्या ज्या मोजक्या वाटांवरून वळत, त्या वाटांवर आपल्या तोफा आधींच रोखलेल्या होत्या.

८ सप्टेंबरला पहिला हल्ला आला. ९ व १० तारखेस तो पुनःपुन्हां आला. रणगाडे पुढें येत, परंतु त्यांच्याबरोबर पुरेसें पायदळ नसे. पॅटन आपल्या पायदळाच्या ठाण्यांवर चालून गेले, कांहीं ठिकाणीं खंदकांवरून गेले. तरी खंदकांतील माणसें उठून पळालीं नाहींत. हा या लढाईचा कणा आहे, असें मला वाटतें. सापळ्याची सगळी भूमिति या एका गोष्टीवर उभी होती. माथ्यावरून रणगाडा गेल्यावरही खंदकांतील शिपाई जागेवर राहिला, म्हणूनच मागून येणारें पायदळ पुढें येऊं शकलें नाहीं, आणि एकटा पडलेला आंधळा रणगाडा उसांतील तोफांच्या तोंडीं गेला. युक्ति सेनापतीला सुचली खरी. पण ती टिकविली खंदकांतल्या अनामिक शिपायानें.

त्यांतल्या एकाचें नांव मात्र देशाला ठाऊक आहे. चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, उत्तर प्रदेशांतील गाझीपूर जिल्ह्यांतल्या धामुपूर गांवचे. त्यांच्याजवळ रणगाडा नव्हता. होती एक उघडी जीप आणि तिच्यावर बसविलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. ही तोफ रणगाडा फोडते. परंतु गोळा सुटतांना मागें एवढी ज्वाळा व धूळ उडते कीं जागा तत्काळ उघडी पडते. म्हणून एक गोळा टाकावयाचा आणि शत्रु नेम धरण्यापूर्वीं निसटावयाचें, असा तिचा नियम. हमीद यांनीं उसाच्या आडोशानें बाजूबाजूंनीं फिरून एकामागून एक पॅटन निकामी केले. पुढें शत्रूनें त्यांना हेरलें. १० सप्टेंबर रोजीं एका रणगाड्यानें त्यांच्यावर व त्यांनीं त्या रणगाड्यावर नेम धरला असतां गोळा जीपवर पडून ते धारातीर्थीं पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यांत आलें.

त्याच दिवशीं पाकिस्तानी रणगाड्यांनीं आपल्या मांडणीला वळसा घालून पाठीमागें उतरण्याचा मोठा प्रयत्न केला. परंतु पाण्यानें भरलेल्या शेतांत ते रुतले आणि दडून बसलेल्या सेंच्युरियन व शर्मन गाड्यांच्या माऱ्यांत सांपडले. दुसऱ्या दिवशीं पाकिस्तानच्या चौथ्या कॅव्हलरीचे प्रमुख अनेक सोबत्यांसह कैद झाले. भारतीय गणनेप्रमाणें या लढाईंत शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हातीं आले. भिखिविंडजवळ ते ओळीनें मांडून ठेवण्यांत आले, तेव्हां लोक त्या जागेला 'पॅटन नगर' म्हणूं लागले.

श्रोतेहो, येथेंच थांबलों असतों तर आपणांस बरें वाटलें असतें. पण तो इतिहास झाला नसता. ज्या ८ सप्टेंबरला असल उत्तरवर पहिला हल्ला आला, त्याच दिवशीं उत्तरेस सियालकोट आघाडीवर याच्या उलट दृश्य दिसत होतें. तेथें चाल करून जाणारी आपली पहिली आर्मर्ड डिव्हिजन होती, तिच्याजवळ सेंच्युरियन होते, आणि तिला अडविलें तें पाकिस्तानच्या पंचविसाव्या कॅव्हलरी या एकाच रेजिमेंटनें. तिनें आपल्या गाड्या इतक्या रुंद पसरल्या कीं आपल्या सेनानायकांना समोर फार मोठें दळ असल्याचा भास झाला, आणि मोलाचे दिवस हातचे गेले. पुढें ११ तारखेस आपण फिलोरा जिंकलें; परंतु चाविंडा अखेरपर्यंत हातीं आलें नाहीं. याच आघाडीवर पूना हॉर्सचे प्रमुख, मुंबईंत १९२३ सालीं जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर जखमी होऊनही मागें गेले नाहींत, व १६ सप्टेंबर रोजीं धारातीर्थीं पडले. त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. त्यांच्या शौर्यांत असल उत्तरच्या वीरांपेक्षां तिळभरही उणें नव्हतें. उणीव होती ती अनुकूल जमिनीची आणि शत्रूविषयींच्या अचूक माहितीची.

म्हणून, पॅटन वाईट होता असें म्हणणें जितकें चूक, तितकेंच एका देशाचा सैनिक शूर व दुसऱ्याचा भित्रा असें म्हणणेंही चूक. ज्यानें जमीन निवडली, ज्यानें वाट पाहिली, ज्यानें शत्रूची बाजू आपल्याकडे वळविली, तो जिंकला. ज्यानें आपल्या पोलादावर विसंबून न पाहिलेल्या जमिनींत उडी घेतली, तो हरला. शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ खरी; परंतु युक्ति म्हणजे ऐनवेळीं सुचलेली चतुराई नव्हे. आदल्या रात्रीं खणलेला खंदक, शंभर वेळां गिरविलेला नेम, सोबत्याशीं बोलतें ठेविलेलें बिनतारी यंत्र आणि सुटण्याची वाट ठरवूनच टाकलेला गोळा, या सर्वांना मिळून युक्ति म्हणतात. हें सर्व नसेल तर दुबळा हा नुसता दुबळाच राहतो.

सुटी संपण्यापूर्वीं मी भाच्याला घेऊन अहमदनगरला गेलों. त्या शहराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. तेथें आपल्या रणगाडादळाचें शिक्षणकेंद्र आहे, आणि त्याला लागून १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय. झाडांच्या सावलींत जगभरच्या गाड्या उभ्या आहेत. त्यांत पॅटनही आहे. इतर मुलें त्याच्या तोफेपुढें उभीं राहून छायाचित्रें काढून घेत होतीं. आमची स्वारी समोर थांबली नाहीं. तो गाडीच्या बाजूला गेला, चाकांच्या वरच्या पत्र्यावर त्यानें हात ठेवला, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

परततांना त्यानें विचारलें, "मामा, खेळांत माझी गाडी फुटली कीं मी लगेच दुसऱ्या लढाईंत शिरतों. यांच्या आंतल्या माणसांचं काय झालं?"

मीं त्याला खरें तें सांगितलें. शर्मनमध्यें पांच माणसें बसत, पॅटनमध्यें चार ते पांच. जीं बाहेर पडूं शकलीं तीं वांचलीं. बाकीच्यांच्या घरीं, सतलजच्या अलीकडेही आणि पलीकडेही, तार गेली.

तो गाडींत पुष्कळ वेळ खिडकीबाहेर पाहात होता. पुण्यास पोहोंचल्यावर त्यानें खेळ सोडला, असें मी म्हणणार नाहीं. दुसऱ्याच सकाळीं तो पुन्हां संगणकापुढें होता. फक्त मोठ्या गाडीसाठीं पैसे मागणें त्यानें बंद केलें आहे, आणि हल्लीं तो लढाई सुरू होण्यापूर्वीं बराच वेळ नकाशा पाहात बसतो, असें त्याच्या आईनें मला कळविलें आहे.